पापाचा वाटेकरी कोण?

वाल्या कोळ्याची गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे. नारदमुनींच्या सांगण्यावरून वाल्या घरी येतो आणि बायकोला विचारतो, "माझ्या पापात तू वाटेकरी आहेस ना?" ती स्वच्छ सांगते की, आम्हांला पोसणं हे तुमचं काम, पाप मात्र ज्याचं त्यानं भोगायचं. लहानपणी मला त्या बाईचा फार राग यायचा. पुढे कायदा शिकले तेव्हा कळलं, की फौजदारी कायद्याचा पहिला धडा तीच बाई देऊन गेली. करावं तसं भरावं; पण ज्यानं केलं त्यानंच. केवळ नात्यामुळे कुणी गुन्हेगार ठरत नाही.

आज ही गोष्ट आठवायचं कारण म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळीकडच्या एका भगिनीचं पत्र. तिच्या परवानगीनं, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, ते इथे देते आहे.

"ताई, आमचं एकत्र कुटुंब आहे. भावकीशी बांधावरून जुना वाद. सोयाबीनची रास चालू असताना शेतात भांडण जुंपलं. धाकट्या दिरांनी रागाच्या भरात कुऱ्हाड मारली. चुलत सासऱ्यांच्या मुलाच्या डोक्याला लागली. सोलापूरला दवाखान्यात होता, आता घरी आलाय. आमचे हे भांडण सोडवायला धावले होते. मी आणि सासूबाई घरीच होतो. मी चुलीपुढे भाकरी करत होते. पण फिर्यादीत सासरे, सासूबाई, हे, दीर आणि मी अशी पाच नावं लिहिली आहेत. माझ्या अकरा वर्षांच्या मुलानं दगड मारला, असंही आहे. आणखी एक. त्या रात्री सासूबाईंनी दिरांचा रक्तानं भरलेला सदरा माझ्यापुढे टाकला आणि म्हणाल्या, धुऊन टाक. माझा हात धजला नाही. गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. कुणाला सांगितलेलं नाही. झोप लागत नाही. मी काय करू?"

सदऱ्याची गोष्ट थांबण्यासारखी नव्हती, म्हणून या भगिनीला मी टपालानं लगेच उत्तर धाडलं. पण एकाच्या भांडणात घरातल्या साऱ्यांची नावं जाणं ही गोष्ट गावोगावची आहे. म्हणून सगळ्याच मैत्रिणींसाठी थोडं सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, फिर्यादीत नाव आलं म्हणजे गुन्हा शाबीत झाला असं नव्हे. फिर्याद ही तपासाची सुरुवात असते. आरोप सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षावर असते.

दुसरी गोष्ट, गुन्ह्याला साधारणपणे दोन बाजू लागतात. हातून घडलेलं कृत्य आणि त्यामागचं मन. स्वयंपाकघरातलंच उदाहरण घ्या. चांगला वापरातला कुकर अचानक उडाला आणि कामवाली भाजली, तर तो अपघात. झडप बिघडलीय हे ठाऊक असून "चालतंय की" म्हणत तोच कुकर तिला लावायला सांगितला, तर तो निष्काळजीपणा आणि त्याचा जाब द्यावा लागेल. आणि कुणी मुद्दाम तिच्या अंगावर उकळतं पाणी टाकलं, तर तो सरळ गुन्हा. भाजणं तिन्ही वेळी सारखंच. फरक मनाचा.

मग पाच जणांची नावं कशी येतात? कायद्याला हेही ठाऊक आहे, की कट एकानं रचायचा, दुसऱ्यानं पहारा द्यायचा आणि तिसऱ्यानं वार करायचा, असंही होतं. म्हणून अनेकांनी मिळून ठरवून केलेलं कृत्य प्रत्येकानं केलं असं मानतात. पूर्वी हे भारतीय दंड संहितेचं ३४ वं कलम होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते ३ (५) आहे. (त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला मात्र जुनाच कायदा लागतो.) १९२३ साली कलकत्त्याला शंकरीटोला पोस्टात पोस्टमास्तरांचा खून झाला. आरोपी म्हणाला, मी नुसता बाहेर अंगणात उभा होतो. तरीही तो सुटला नाही, कारण लुटारूंच्या बेतात तो सामील होता.

पण याची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या भागाला जवळची आहे. डिसेंबर १९५० मधली गोष्ट. तेव्हा आपला उस्मानाबाद जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्याच राज्यातला हा खटला. एक शेतकरी मेहुणी आणि गड्याबरोबर शेतात गेला. मेहुणी मिरच्या तोडत होती, तो पलीकडे नदीकडे गेला. आरडाओरडा ऐकून ही दोघं धावली, तर पाच जण कुऱ्हाडी आणि काठ्यांनी त्याला मारत होते. त्यात तो मेला. खालच्या कोर्टात पाचही जण खुनाचे दोषी ठरले. तिघांना फाशी झाली. पांडुरंग विरुद्ध हैदराबाद राज्य या नावानं तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर १९५४ मध्ये निकाल लागला. न्यायालयानं विचारलं, हे पाच जण आधी भेटले होते का? काही ठरवलं होतं का? पुरावा नव्हता. अनेकांच्या मनात सारखाच हेतू असणं निराळं आणि सर्वांनी मिळून एक हेतू धरणं निराळं, असं ठरलं. मग ज्याच्या त्याच्या कृत्याप्रमाणे ज्याचा त्याचा हिशेब झाला. पांडुरंगवरचा खुनाचा दोष उतरून जबर दुखापतीचा राहिला. तिघांचीही फाशी टळली. कायद्याच्या वर्गात हा निकाल आजही शिकवतात.

इथे एक सावधगिरी सांगते. पाच हा आकडा कायद्यात महत्त्वाचा आहे. पाच किंवा जास्त माणसांचा बेकायदा जमाव ठरला, तर न्याय संहितेचं १९० वं कलम (जुनं १४९) लागू शकतं आणि तिथे आधी बेत ठरल्याचा पुरावा लागत नाही. पांडुरंगच्या खटल्यात हा आरोप ठेवलेलाच नव्हता. पण जमावात माणूस असावा तर लागतो! जी बाई त्या वेळी घरी चुलीपुढे होती, ती जमावात कशी? म्हणून तुम्ही घरी होता हे कुणी पाहिलं, कोण पीठ मागायला आलं होतं, ते आजच आठवून लिहून ठेवा. तुमचे पती सोडवायला गेले की मारायला, हे साक्षीदारच सांगतील. तिथे कोण होतं, त्यांची नावंही लिहा. मात्र काय सांगायचं, हे त्यांना पढवू नका.

आता मुलाबद्दल. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा होतच नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला आपण काय करतोय आणि त्याचा परिणाम काय, याची पुरेशी समज नसेल तर तोही गुन्हा नाही. अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालतं. त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. शाळेचा जन्मतारखेचा दाखला काढून ठेवा आणि लेकराला उगाच धाक घालू नका.

आणि तो सदरा. तुमचा हात धजला नाही, हे फार चांगलं झालं. गुन्हा झालाय हे ठाऊक असताना गुन्हेगाराला वाचवण्यासाठी पुरावा नाहीसा करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे (कलम २३८). म्हणजे भांडणात नसलेली बाई नुसत्या धुण्यामुळे आरोपी होऊ शकते. नवऱ्यानं बायकोला किंवा बायकोनं नवऱ्याला आसरा दिला तर कायदा माफ करतो. ही सूट दिरासाठी नाही, आणि पुरावा पुसण्यासाठी कुणालाच नाही. सासूबाईंवर रागावू नका, ती आईची माया आहे. पण सदरा धुऊ नका, जाळू नका. माळ्यावरही राहू देऊ नका. वकिलांच्या सल्ल्यानं तो तपास अधिकाऱ्यांकडे रीतसर पोचला पाहिजे. वकिलाशी बोललेलं गुप्त राहतं, तेव्हा त्यांच्यापाशी काही लपवू नका.

म्हणूनच वकील तुमचा स्वतःचा हवा. घरातल्या साऱ्यांचा एकच वकील असला, की घरच्या बायकांना "तू गप्प बस" असं सांगितलं जातं. पैशाची चिंता करू नका. उत्पन्न कितीही असो, स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्यानं दिला आहे. जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. अटकपूर्व जामिनाचा अर्ज सत्र न्यायालयात करता येतो. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अगदी अपवाद असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीनं महिला अधिकाऱ्यालाच ती करता येते. साक्षीदार म्हणून बाईचा जबाब घ्यायचा तर तो तिच्या राहत्या घरी घ्यावा, असा नियम आहे.

आणि शेवटचं. उद्या तुमच्या घरची फिर्याद लिहायची वेळ आली, तर समोरच्या घरातल्या चुलीपुढच्या बाईचं नाव त्यात घालू नका. खोटं एक नाव घातलं, की खऱ्या चार नावांवरचाही विश्वास उडतो. आणि ती बाईही रात्री तुमच्यासारखीच जागी असते.