बारा हजारांचा ब्रेक

बारावीचा निकाल लागला की आपल्या भागात घरोघरी मोटारसायकलचा हट्ट सुरू होतो. पैसे कमी पडले की जुनी गाडी बघितली जाते. सीसी किती, पिकअप कसा, हे सगळे विचारतात. ब्रेकचे कोणी विचारत नाही. पालकांनी तेच आधी विचारावे, असे आम्हांला वाटते.

पुण्याच्या बजाज कंपनीची पल्सर आरएस २०० मुलांना तोंडपाठ असते. १९९.५ सीसीचे, पाण्याने थंड होणारे इंजिन आणि रेसच्या गाडीसारखा रुबाब! २०१५ साली ती बाजारात आली तेव्हा एबीएससह आणि एबीएसविना अशा दोन्ही प्रकारांत मिळत होती. किमतीत फरक साधारण बारा हजारांचा. म्हणजे त्या काळातली जुनी गाडी घेताना पुढच्या डिस्कजवळ खाचांचे कडे आहे का आणि चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागतो का, हे पाहिलेच पाहिजे. १२५ सीसीवरील सर्व नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले ते १ एप्रिल २०१९ पासून.

घाबरून ब्रेक करकचून दाबला की चाक जाम होते. पुढचे चाक असे घसरू लागले की हँडल फिरवून उपयोग नसतो, गाडी आडवी होते. एबीएसचा सेन्सर त्या कड्यावरून चाकाचा वेग मोजतो. चाक जाम होऊ लागले की यंत्रणा ब्रेकच्या तेलाचा दाब क्षणभर सोडते आणि पुन्हा देते, तेही सेकंदात अनेकदा. चाक फिरत राहते, तोल सांभाळता येतो. त्या आरएसला ही सोय फक्त पुढच्या चाकाला होती. ब्रेक लावताच भार पुढे येतो, त्यामुळे निवड योग्यच. पण मागचे चाक घसरू शकते हे लक्षात असावे.

मात्र एबीएस रस्त्याला पकड देत नाही. पावसात तवंदी घाटाच्या वळणावर गाडी कललेली असताना साधे एबीएस वाचवेलच असे नाही. सुट्या खडीवर तर गाडी थांबायला उलट जास्त अंतर लागू शकते. गळीत हंगामात ट्रॉल्यांमागे पडलेला चिखल आणि पाला आपण पाहतोच. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते. विज्ञानाच्या शिक्षकांनी हे गणित एकदा फळ्यावर सोडवून दाखवावे.

अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकांना २०१९ च्या दुरुस्तीनुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे. विश्वस्तांनी फाटकावर लायसन्स पाहण्याची पद्धत या सत्रापासूनच सुरू करावी.