पुण्याईवरची जागा

पवनारहून नागपूरकडे निघाले की सेलू, केळझर, बुटीबोरी मागे पडतात आणि शहर सुरू होण्याआधीच जामठ्याचे क्रिकेटचे मैदान येते. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी तिथे भारत आणि इंग्लंड यांच्यातला एकदिवसीय सामना झाला. नागपुरातच जन्मलेला कर्णधार रोहित शर्मा सलामीला आला, सात चेंडू खेळला आणि दोन धावा करून परतला. मी सामना घरी बसून पाहत होतो. त्या क्षणी माझ्या तोंडून जो उद्गार निघाला तो येथे लिहिण्याजोगा नाही. पुढे भारताने चार गडी राखून सामना जिंकला. माझा राग मात्र गेला नाही. संघ जिंकल्यावरही एका माणसावरचा राग उरत असेल, तर तो राग नेमका कशाचा असतो?

तो त्या दोन धावांचा नव्हता, हे उघड आहे. त्याला मागचे तीन-चार महिने कारणीभूत होते. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडने भारताला भारतातच तिन्ही कसोटींत हरवले; त्या मालिकेत रोहितच्या सहा डावांतल्या धावा होत्या ९१. त्यानंतरच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पाच डाव मिळून ३१. पर्थची पहिली कसोटी तो खेळला नव्हता; बुमराहच्या नेतृत्वाखाली ती भारताने २९५ धावांनी जिंकली होती. नंतर तो आला तेव्हा सलामीला राहुलचे बरे चालले होते म्हणून रोहित सहाव्या क्रमांकावर खेळला. तिथेही धावा झाल्या नाहीत. मग मेलबर्नला तो पुन्हा सलामीला आला, त्यासाठी राहुलला तिसऱ्या क्रमांकावर जावे लागले आणि शुभमन गिल संघाबाहेर बसला. रोहितच्या धावा झाल्या तीन आणि नऊ.

माझ्या रागाचे मूळ मला येथे सापडते. अपयश कोणालाही येते, त्याबद्दल रागावणे पोरकटपणाचे आहे. परंतु अपयशी माणसाला जागा मिळावी म्हणून इतरांनी सरकून बसायचे, हा अपयशाचा नव्हे, न्यायाचा प्रश्न होतो. मराठीत यासाठी फार नेमका शब्द आहे : पुण्याई. पूर्वी साठवलेल्या पुण्यावर आज जगणे. जून २०२४ मध्ये याच कर्णधाराने बार्बाडोसला विश्वचषक जिंकून दिला होता, तेव्हा पुण्याई मोठीच होती. पण अकरा जणांच्या संघातली जागा पुण्याईवर मिळू लागली की आजचे कर्म करणाऱ्याने काय करावे?

आपल्या साहित्यव्यवहारात हे परिचयाचे आहे. नावाजलेल्या लेखकाचे नवे पुस्तक आपण पुष्कळदा त्याच्या जुन्या पुस्तकांच्या उजेडात वाचतो. पानामागून पान निःसत्त्व निघाले तरी ‘परिपक्व साधेपणा’ असे काहीतरी म्हणून वेळ मारून नेतो. तेच पुस्तक एखाद्या नवख्याने लिहिले असते तर? समीक्षकाच्या या भिडेचा भुर्दंड लेखकाला पडत नाही. जो नवखा छापलाच जात नाही त्याला पडतो. म्हणून ‘याला आता बाहेर बसवा’ असे म्हणणारा चाहता मला कृतघ्न वाटत नाही. तो फक्त समोरचा डाव वाचत असतो.

मात्र येथे एक आठवण मला अडवते. मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकर एक धाव काढून बाद झाला, तेव्हा वानखेडेवर, त्याच्या घरच्या मैदानावर, प्रेक्षकांतल्या काहींनी त्याची हुर्यो उडवली. त्याच मैदानावर पाच वर्षांनी, एप्रिल २०११ मध्ये, सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर घेऊन विश्वचषकाची फेरी काढली. हुर्यो उडवणाऱ्यांपैकी काहीजण त्या दिवशी टाळ्याही वाजवत असतील. टीका आणि हुर्यो यांत फरक करायचा तो येथेच. टीका डावावर असते, हुर्यो माणसावर. टीकेला कारण द्यावे लागते. हुर्योला नुसता घसा पुरतो. जामठ्याच्या त्या सामन्यात माझ्या तोंडून निघाली ती टीका नव्हती, हे मला मान्य केले पाहिजे.

विनोबांच्या पवनारात लहानाचे मोठे झालेल्या माणसाच्या कानावर ‘गीताई’ आपोआप पडते. कर्माचा अधिकार आपला, फळाचा नव्हे, ही शिकवण इथे पोरासोरांनाही ठाऊक असते. चाहत्याची स्थिती नेमकी उलटी आहे. मैदानावरचे कर्म त्याच्या हाती नाही आणि फळाची आशा मात्र खेळाडूपेक्षाही जास्त. चडफडण्याखेरीज त्याला दुसरे काय सुचणार? पण विचार करता मला वाटते, की त्याच्याही वाट्याला एक कर्म आहे : पाहणे. नीट पाहणे, चांगले खेळला तर चांगले म्हणणे, वाईट खेळला तर का वाईट ते सांगणे, आणि जुन्या प्रेमाने वा नव्या रागाने डोळ्यांवर पडदा येऊ न देणे. रसिकाचे कर्मही याहून फार वेगळे नाही.

जामठ्यानंतर तीनच दिवसांनी कटकला रोहितने ९० चेंडूंत ११९ धावा केल्या. मार्चमध्ये दुबईत चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात ७६ धावा करून तो सामनावीर ठरला. ‘टीकाकारांची तोंडे बंद झाली’ असे तेव्हा सर्वत्र म्हटले गेले. मला ते पटत नाही. एकदिवसीय सामन्यातले शतक कसोटीतल्या ३१ धावांना उत्तर नव्हे. कथेच्या यशाने फसलेली कादंबरी सावरत नाही. मला उत्तर सापडते ते त्याआधी, जानेवारीत, सिडनीला. मालिकेतल्या शेवटच्या कसोटीत भारताचा कर्णधार स्वतःहून संघाबाहेर बसला. आम्ही जे ओरडून सांगत होतो ते त्याने न ओरडता केले होते. ७ मे २०२५ रोजी त्याने कसोटी क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली.

सिडनीच्या त्या निर्णयानंतर महिनाभरातच मी जामठ्याच्या दोन धावांवर चिडलो होतो. त्याने आपली जागा सोडून दाखवली होती. मी माझा राग सोडला नव्हता.