पुरळाकडे पाहण्याची नजर

अहेरी परिसरातील एखाद्या घरात आजोबांचा दंड पाहिला, तर त्यावर देवीच्या लशीचा गोल व्रण हमखास दिसतो. नातवाच्या दंडावर तो नसतो. 1975 साली देवीचा रोग भारतातून गेला, 1980च्या मे महिन्यात सारे जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली आणि लसीकरण थांबले. मानवजातीचा हा मोठा विजय होता. त्याची थोडी किंमत मात्र आज मोजावी लागत आहे. देवीची लस तिच्याच कुळातील अन्य विषाणूंपासूनही बऱ्याच अंशी संरक्षण देत असे. ते कवच नव्या पिढीला नाही, आणि देवीचे पुरळ प्रत्यक्ष पाहिलेले डॉक्टरही आता सेवेत उरलेले नाहीत.

एमपॉक्स हा त्याच कुळातील. 1970 मध्ये काँगोतील एका नऊ महिन्यांच्या बालकात तो माणसात प्रथम आढळला. 2022 मध्ये तो जगभर पसरला. त्याच वर्षी 14 जुलैला केरळातील कोल्लम येथे आखातातून परतलेल्या प्रवाशात भारतातील पहिल्या रुग्णाची नोंद झाली. जागतिक आरोग्य संघटनेने दोनदा पुकारलेली आणीबाणी सप्टेंबर 2025 मध्ये मागे घेतली गेली. विषाणूने मात्र माघार घेतलेली नाही.

पुस्तकातले त्याचे चित्र ठरलेले आहे: आधी ताप, मग अवधान, मग चेहऱ्यापासून तळहात-तळपायांपर्यंत एकाच वेळी पिकणाऱ्या टपोऱ्या पुळ्या. 2022 नंतरच्या अनेक रुग्णांनी हे चित्र खोटे ठरवले. कुणाला एकच पुळी, तीही जननेंद्रियावर; कुणाला ताप आलाच नाही, किंवा पुरळानंतर आला; कुणाला केवळ तोंडात व्रण किंवा गुदद्वाराशी असह्य वेदना. काही पुळ्या खपलीला आलेल्या, तर शेजारी नव्या उगवलेल्या. असा रुग्ण कांजिण्या, नागीण, खरूज वा गरमी म्हणून औषध घेऊन घरी जातो. बहुतेक वेळा ते निदान बरोबरही असते, म्हणूनच चकवा अधिक. कांजिण्यांत सहसा न येणारे जांघेतले वा गळ्याखालचे अवधान ही एक उपयुक्त खूण. परंतु निर्णय पुळीतील द्रव वा खपली तपासूनच होतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने 2022 मध्येच हा विषाणू वेगळा केला होता.

अहेरीसारख्या वनप्रदेशात याचे काय, असे शहरी वाचकास वाटेल. प्राणहिता ओलांडली की तेलंगण लागते. मिरची तोडणीसाठी या भागातील मजूर तिकडे जातात, आणि त्या राज्याच्या उत्तरेकडील जिल्ह्यांतून हजारो लोक आखातात कामाला असतात. अरण्य आता जगापासून तुटलेले नाही. रुग्णाला ‘कुठे जाऊन आलात, बरोबर कोण होते’ हे विचारल्याविना पुरळाचे निदान पुरे होत नाही, आणि अंगावरचे कपडे दूर केल्याविना तर नाहीच.

आपल्या जुन्या रीतीत एक शहाणपण होते. देवी आलेल्या घराच्या दारी कडुनिंबाचा डहाळा लागे, पाहुणे बाहेरूनच परतत आणि रुग्णाची सेवा मात्र प्रेमाने होई. आज विलगीकरण म्हणतात ते याहून फार निराळे नाही. शेवटची खपली गळून नवी त्वचा येईपर्यंत ते पाळावे लागते. उणीव होती ती दवाखान्यापासून दूर राहण्यात. आता त्याहून मोठी आडकाठी लज्जेची आहे. दाट शरीरसंपर्कातून पसरणाऱ्या रोगाभोवती कुजबूज सुरू झाली की तरुण तोंड लपवतो, आणि त्याच अंथरुणात निजणारे घरातील लेकरू आजारी पडते. लहान मुले आणि गर्भवती यांनाच या रोगाचा धोका अधिक.

वाड्या-पाड्यांवर जाणाऱ्या आशासेविकेला आणि आपल्या कार्यकर्त्याला निदान करायचे नाही. पुरळ, अवधान आणि प्रवास यांतील दोन गोष्टी एकत्र दिसल्या, तर नाव कुठेही न उच्चारता रुग्णाला अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत सोबत करायची आहे. एकट्याला नुसती चिठ्ठी देऊन धाडले, तर तो वाटेतूनच परततो.