व्यासपीठाची परीक्षा: झालेली आणि न झालेली व्याख्याने

#थ्रेड #इतिहास

१/ व्याख्यानमालांचा इतिहास आपल्याकडे बहुधा वक्त्यांच्या नामावळीने लिहिला जातो. कोणत्या वर्षी कोण बोलले, अध्यक्षस्थानी कोण होते, सभागृह किती भरले होते. कोणत्याही जुन्या संस्थेची स्मरणिका चाळली तर पानोपानी हीच यादी आढळते. कोणते भाषण होऊ दिले गेले नाही आणि कोणी यायलाच नकार दिला, याची नोंद मात्र सहसा सापडत नाही.

२/ व्यासपीठाची योग्यता ठरवायची असेल तर ही दुसरी, न लिहिलेली यादी अधिक बोलकी आहे. ज्याचे म्हणणे आयोजकांना आधीच मान्य आहे त्याला बोलावण्यासाठी धैर्य लागत नाही. आपल्या मुळावर येणारे भाषणही पूर्ण ऐकून घेण्याची ताकद ज्या व्यासपीठात असते, तेच खऱ्या अर्थाने सार्वजनिक. १८४८ ते १९४३ या काळातील काही प्रसंगांवर हा दावा येथे तपासला आहे.

३/ आरंभ मुंबईत. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. साहित्य आणि विज्ञान ही दोन्ही नावातच एकत्र होती. सभासदाने निबंध वाचायचा आणि उपस्थितांनी त्यावर चर्चा करायची, अशी पद्धत. इंग्रजी न येणाऱ्यांपर्यंत हे ज्ञान पोहोचावे म्हणून मराठी आणि गुजराती ‘ज्ञानप्रसारक’ शाखाही निघाल्या.

४/ १८४९ साली या सभेत स्त्रीशिक्षणावर एक निबंध वाचला गेला. वाचणारे आणि ऐकणारे बहुतेक विशीतले तरुण. निबंधावर चर्चा झाली आणि मग साधा प्रश्न पुढे आला: हे पटत असेल तर करायचे कोणी? त्याच वर्षी या मंडळींनी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि स्वतःच विनावेतन शिकवू लागले. पालकांची मने वळवण्यासाठी दारोदार फिरणाऱ्यांत तरुण दादाभाई नवरोजी होते. (पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आदल्याच वर्षी हे काम हाती घेतले होते.)

५/ या प्रसंगाचे महत्त्व असे की येथे व्याख्यान टाळ्यांनी संपले नाही. श्रोत्यांनी वक्त्याकडे हिशेब मागितला आणि वक्त्यानेही श्रोत्यांना त्या हिशेबात ओढले. हा परस्परांवरचा धाक हाच सार्वजनिक व्याख्यानाचा प्राण होय. एकट्याने ग्रंथ वाचताना तो धाक नसतो.

६/ पुढचा टप्पा पुण्याचा. १८७१ साली महादेव गोविंद रानडे न्यायखात्यातील नेमणुकीवर पुण्यास आले. पुढच्या एक-दोन वर्षांत त्यांनी देशी व्यापार आणि उद्योगांच्या स्थितीवर जाहीर व्याख्याने दिली. या विचारांनी भारावून सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच ‘सार्वजनिक काका’, यांनी स्वदेशीचे व्रत घेतले. १८७७ च्या दिल्ली दरबारास ते हातच्या सुताची खादी नेसून गेले. अर्थशास्त्रावरील व्याख्यानाने माणसाचा वेश बदलला!

७/ मे १८७५ मध्ये रानड्यांच्या पुढाकाराने पुण्याची वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. काँग्रेसच्या स्थापनेला तेव्हा आणखी दहा वर्षे अवकाश होता. मुंबई विद्यापीठ त्या काळी मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था होती. शाळा-कॉलेजबाहेरच्या प्रौढ माणसाला इतिहास, अर्थकारण, विज्ञान आपल्या भाषेत समजून घ्यायचे तर जागा कोठे होती? ती पोकळी या मालेने भरली. दीडशे वर्षांनंतरही ती चालू आहे.

८/ पण त्याच १८७५ सालात पुण्याने दुसरे रूपही दाखवले. दयानंद सरस्वतींची व्याख्याने शहरात झाली आणि अखेरीस त्यांची मिरवणूक निघाली. विरोधकांनी गाढव सजवून ‘गर्दभानंदा’ची प्रतिमिरवणूक काढली आणि चिखलफेक केली. दयानंदांच्या संरक्षणासाठी रानड्यांसोबत जोतीराव फुले आपल्या अनुयायांसह रस्त्यावर उतरले. फुल्यांचे दयानंदांशी सर्व बाबतींत एकमत होते असे नाही. तरीही वक्त्याला बोलता आले पाहिजे, या तत्त्वासाठी ते उभे राहिले.

९/ श्रोता होण्याचीही किंमत होती. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनने शहरातील प्रतिष्ठितांना व्याख्यानाचे निमंत्रण दिले. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटे आली. उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात झळकली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानडे आणि टिळक या दोघांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले. निमित्त काय, तर व्याख्यान आणि पेलाभर चहा.

१०/ स्त्रियांसाठी ही किंमत घरातच मोजावी लागे. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज स्थापन झाला. तेथे जाऊ लागल्यावर घरातील वडीलधाऱ्या बायकांचा रोष कसा ओढवला, हे रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत सविस्तर नोंदवले आहे. पती न्यायाधीश आणि शहरातील अग्रगण्य सुधारक, तरी माजघरातून सभेपर्यंतची वाट सोपी नव्हती.

११/ येथवरची कथा सुधारक विरुद्ध सनातनी अशी सरळ दिसते. १८८५ साली ती गुंतागुंतीची होते. रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरणार होती. निमंत्रण फुल्यांनाही गेले. दहा वर्षांपूर्वी रानड्यांच्या बरोबरीने मिरवणुकीचे रक्षण करणाऱ्या फुल्यांनी या सभेस येण्याचे पत्र लिहून नाकारले.

१२/ पत्राचा आशय असा: जे लोक सर्व माणसांचे हक्क मनापासून मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांचा आणि ग्रंथांचा आमच्याशी मेळ बसणार नाही. शूद्रातिशूद्रांना काय भोगावे लागले याची या मंडळींना कल्पना नाही, हे त्यांनी रोखठोक सुनावले.

१३/ हा नकार म्हणजे रुसवा नव्हता. व्यासपीठावर एक खुर्ची रिकामी करून दिली म्हणजे ते सर्वांचे होत नाही, हे फुल्यांनी ओळखले होते. विषय कोण ठरवतो, ‘ग्रंथकार’ कोणाला म्हणायचे हे कोण ठरवतो, हा त्यांचा खरा प्रश्न होता. मराठी साहित्य संमेलनाच्या इतिहासात या सभेचा उल्लेख गौरवाने होतो. तेवढ्याच गौरवाने फुल्यांच्या पत्राचाही व्हायला हवा, कारण त्या सभेची सर्वांत अचूक समीक्षा तीच आहे.

१४/ आता १९१६, न्यूयॉर्क. ९ मे रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीच्या बाहेर लग्न न करण्याचे बंधन हेच जातीचे मूळ लक्षण. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा ते बंधन टिकवण्यासाठीच आल्या, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्या वर्षी हा निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’मध्ये छापून आला.

१५/ निबंधाच्या शेवटी तरुण आंबेडकर म्हणतात की आपले निष्कर्ष अंतिम नाहीत. ते टिकत नाहीत असे दाखवून दिल्यास ते सोडून देण्याची आपली तयारी आहे. सेमिनारची शिस्त ती हीच. वक्त्याने स्वतःला खोडून काढण्याची मुभा श्रोत्यांना आधीच द्यायची. भारतात परतल्यावर त्यांना अशी शिस्त पाळणारी किती व्यासपीठे मिळाली?

१६/ वीस वर्षांनी, लाहोर. तेथील जातपात तोडक मंडळाने १९३६ च्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद आंबेडकरांना देऊ केले. मंडळ सनातन्यांचे नव्हते. जातिभेद मोडण्यासाठीच ते स्थापन झाले होते. आंबेडकरांना बोलावल्याबद्दल काही वजनदार माणसे मंडळापासून दुरावलीही होती. तरी निमंत्रण कायम राहिले.

१७/ भाषणाचा मसुदा हाती आला आणि चित्र पालटले. धर्मग्रंथांच्या प्रामाण्यावरच घाव घालणारा भाग मंडळाला नको होता. हे आपले हिंदू म्हणून अखेरचे भाषण ठरेल, असे सुचवणारा मजकूरही खटकला. येवल्याची धर्मांतराची घोषणा (ऑक्टोबर १९३५) ताजी होती. काही भाग गाळावा, अशी विनंती झाली. स्वल्पविरामही बदलणार नाही, असे आंबेडकरांनी कळवले. परिषद बेमुदत पुढे ढकलली गेली आणि ती कधीच भरली नाही.

१८/ मे १९३६ मध्ये आंबेडकरांनी ते भाषण स्वतः छापले. १५०० प्रती, किंमत आठ आणे. दोन महिन्यांत आवृत्ती संपली. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ म्हणून आज जगभर वाचला जाणारा ग्रंथ तो हाच. विसाव्या शतकातील भारतातले बहुधा सर्वांत प्रभावी व्याख्यान प्रत्यक्षात कधी झालेच नाही.

१९/ गांधीजींनी जुलै १९३६ मध्ये ‘हरिजन’मधून या भाषणातील मतांचे खंडन केले. पण त्याच लेखनात त्यांनी मंडळालाही दोष दिला: अशा वक्त्याचे विचार ऐकण्याच्या संधीपासून लोकांना वंचित ठेवायला नको होते. पुस्तिकेची किंमत कमी असती तर बरे, असेही सुचवले. आंबेडकरांनी पुढच्या आवृत्तीत गांधीजींची टीका आणि आपले उत्तर दोन्ही छापले. जी चर्चा सभागृहात व्हायची ती छापील पानांवर झाली, आणि दोघेही प्रतिपक्षी मंडळापेक्षा अधिक उदार ठरले.

२०/ शेवटचा प्रसंग पुण्याचा. १८ जानेवारी १९४३, रानड्यांची १०१ वी जयंती. स्वतः रानड्यांनी १८९६ साली स्थापलेल्या डेक्कन सभेने आंबेडकरांना व्याख्यानास बोलावले. आपले विचार सभेला रुचणार नाहीत, अशी शंका त्यांनाच होती. तरी गोखले स्मारक सभागृहात व्याख्यान झाले: ‘रानडे, गांधी आणि जीना’.

२१/ त्या दिवशीचे पुणे डोळ्यांसमोर आणावे. ‘छोडो भारत’नंतर अटक झालेले गांधीजी त्याच शहरात, आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य होते. अशा वेळी त्यांनी गांधी आणि जीना या दोघांच्या अहंभावावर कठोर टीका केली, व्यक्तिपूजेविरुद्ध इशारा दिला, रानड्यांच्या थोरवीचेही परीक्षण केले. हक्कांचे रक्षण कायद्यापेक्षा समाजाची सदसद्विवेकबुद्धी करते, हा त्यातील गाभ्याचा विचार. वृत्तपत्रांतून टीकेचा भडिमार झाला. पण भाषण झाले, आणि संपूर्ण झाले.

२२/ लाहोरचे मंडळ विचाराने आंबेडकरांच्या जवळचे होते. डेक्कन सभा ही मवाळ, प्रतिष्ठित वर्गाची संस्था होती. तरी व्यासपीठाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली ती दुसरी. भाषणांवर कात्री शत्रूच चालवतो असे नाही. पुष्कळदा ती मित्राच्या हातात असते, आणि ‘एवढा एक परिच्छेद सोडला तर बाकी सारे उत्तम आहे’ असे तो मित्र म्हणत असतो.

२३/ आयोजकांच्या अडचणी खोट्या नसतात, हेही मान्य करायला हवे. देणगीदार नाराज होतात, सभासद राजीनामे देतात, सभा उधळण्याची भीती असते. लाहोरच्या मंडळींना हे सारे सोसावे लागत होते. कोणाला बोलवायचे हे ठरवण्याचा अधिकारही त्यांचाच होता. पण तो अधिकार निमंत्रण पाठवताना वापरायचा असतो. मसुदा वाचून झाल्यावर तो वापरला की तो अधिकार राहत नाही, भीती होते.

२४/ आजच्या व्याख्यानांकडे या नजरेने पाहावे. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय समारोप यांना भरपूर वेळ मिळतो. प्रश्न मात्र चिठ्ठीवर लिहून मागवले जातात, आणि त्यांतल्या दोन चिठ्ठ्या वाचून ‘वेळेअभावी’ कार्यक्रम संपतो. न झालेल्या व्याख्यानाची बातमी होते. न विचारलेल्या प्रश्नाची कोणी नोंदही ठेवत नाही.

२५/ १८४९ च्या त्या विशीतल्या तरुणांकडे ना सभागृह होते, ना ध्वनिक्षेपक. त्यांनी निबंध ऐकला आणि विचारले: मग करायचे कोणी? व्याख्यानमालेची पत्रिका हाती आली की वक्त्यांची नावे अवश्य वाचावीत. त्याबरोबर हेही पाहावे की तीत प्रश्नांसाठी किती वेळ राखला आहे.

(समाप्त)