शेकड्यात न दिसणारी चाळीस मिनिटे

१६ जुलै २०२१ चा दिवस अनेक घरांना आठवत असेल. कोरोनामुळे परीक्षा न होताच दहावीचा निकाल लागणार होता. दुपारी १ वाजता पंधरा लाखांहून जास्त मुलांच्या निकालासाठी राज्यभर मोबाईल उघडले गेले आणि निकालाच्या वेबसाईट कोलमडल्या. कित्येक तास पान उघडेना. इकडे यवतमाळ जिल्ह्यात आम्हा शिक्षकांना एकच प्रश्न येत होता, "सर, साईट चालू झाली का?"

त्या दिवशी साईट सहा तास बंद होती असे धरून आम्ही पुढे वर्गात एक गणित घातले. वर्षाचे तास ८,७६०. त्यातले सहा वजा करा आणि टक्केवारी काढा. उत्तर आले ९९.९३ टक्के. म्हणजे बाकी वर्षभर साईट सुरळीत चालली असेल, तर कागदावर ती जवळजवळ पैकीच्या पैकी गुण घेऊन पास! मुले हसली. पण ज्या दिवसासाठी ती साईट होती, नेमकी त्याच दिवशी ती नव्हती.

हे गणित यंदा रमजानमध्ये पुन्हा समोर आले. दिग्रसची आमची एक जुनी विद्यार्थिनी घरी कशिदाकाम केलेले ड्रेस आणि दुपट्टे तयार करते. भावाच्या मदतीने तिने छोटीशी वेबसाईट काढली आहे. वेबसाईट ठेवायला इंटरनेटवर जागा लागते. ती एका कंपनीकडून भाड्याने मिळते, यालाच होस्टिंग म्हणतात. शेवटच्या अशऱ्यात एका रात्री १०:४० ते ११:२० साईट बंद पडली. बायका तरावीह आणि घरकाम आटोपून निवांतपणे मोबाईल पाहतात, ती हीच वेळ. तिने तक्रार केली. कंपनीचे उत्तर आले, "आम्ही ९९.९ टक्क्यांची हमी दिली आहे आणि ती पाळली आहे."

ती आमच्याकडे आली. "सर, हे खोटे बोलतात ना?"

आम्ही कागद घेतला. तीस दिवसांची मिनिटे ४३,२००. त्याचा ०.१ टक्का म्हणजे सुमारे ४३ मिनिटे. साईट ४० मिनिटे बंद होती. "बेटा, ते खरे बोलतात. तुझे नुकसानही खरे आहे."

अशी हमी वाचताना टक्क्यांची मिनिटे करून पाहावीत. वर्षाला ९९ टक्के म्हणजे साडेतीन दिवसांहून जास्त बंद, ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास, ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ५२ मिनिटे. शिवाय आधी कळवून केलेली दुरुस्ती पुष्कळ कंपन्या या हिशेबात धरतच नाहीत. हमी मोडली तरी बहुधा भाड्यातला थोडा भाग परत मिळतो, गेलेले गिऱ्हाईक नाही.

मग तिने दुसरा कागद काढला, किती लोक साईटवर आले याचा अहवाल. त्यात त्या महिन्यात हजारो 'हिट' होत्या. इथेही फसू नये. एका पानावर वीस फोटो असतील तर ते पान एकदा उघडले की एकवीस हिट मोजल्या जातात. त्यात गुगलसारख्या कंपन्यांचे पाने चाळणारे प्रोग्रामही येतात. ते काही ड्रेस विकत घेत नाहीत. माणसे किती आली आणि कोणत्या वेळी आली, हे वेगळ्या रकान्यात पाहावे लागते. तिची सर्वांत जास्त गर्दी रात्री १० ते १२ मध्ये होती.

पण त्या चाळीस मिनिटांसमोर शून्य होते. ती म्हणाली, "म्हणजे तेव्हा कोणी आलेच नव्हते?"

आले असतील, पण नोंद कोण करणार? ही वही सर्व्हरच लिहितो आणि सर्व्हरच बंद होता. दुकानाला कुलूप असताना दारावरून परत गेलेल्यांची नोंद आतल्या वहीत कशी सापडेल? त्यासाठी बाहेर उभा राहून पाहणारा लागतो. तिच्या भावाने तशी सोय केली होती. दुसऱ्याच ठिकाणचा एक संगणक दर पाच मिनिटांनी साईट उघडून पाहतो, उघडली नाही तर मोबाईलवर संदेश पाठवतो. बंद झाल्याची वेळ तिला त्यातूनच कळली होती. यालाही मर्यादा आहे. दोन तपासण्यांच्या मध्ये चार मिनिटे साईट बंद पडली तर त्याला पत्ता लागत नाही. आणि पान उघडले पण ऑर्डरचे बटण चालत नसेल, तर साधी तपासणी 'सर्व ठीक' असेच सांगते. म्हणून आठवड्यातून एकदा स्वतः गिऱ्हाईक होऊन ऑर्डर देऊन पाहावी.

आम्ही तिला दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवायला लावल्या. गर्दी कधी असते आणि साईट बंद कधी पडते. आधीच्या दोन आठवड्यांतही रात्री दोनदा पाच-पाच मिनिटांची बंदी निघाली. एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साईट भाडेकरूंसारख्या राहतात आणि सणाच्या दिवसांत सगळ्यांकडेच गर्दी होते. तिने तारखा आणि वेळा लिहून पुन्हा पत्र पाठवले. या वेळी टक्क्यांचे उत्तर आले नाही. ईदच्या चार दिवस आधी तिची साईट दुसऱ्या सर्व्हरवर हलवली गेली. त्या रात्रीच्या ऑर्डर मात्र गेल्या त्या गेल्याच.

शाळेत आमच्याकडे हजेरीपट असतो. २२० दिवसांपैकी २१९ दिवस हजर राहिलेल्या मुलाची हजेरी साडेनव्व्याण्णव टक्के भरते. पण तो एक दिवस परीक्षेचा असेल, तर घरचे टक्के विचारत नाहीत. ते विचारतात, त्या दिवशी कुठे होतास?

आपल्या घरातल्या कोणाची वेबसाईट असेल, तर कंपनीलाही हाच प्रश्न विचारा.