बोटं गारठली की चुका वाढतात

पहाटे पाचला मोबाइल वाजतो. लातूरच्या मैत्रिणीचा मेसेज असतो, ‘उठलीस का? लई थंडी वाजायलीय. बोटं चालनालीत.’ मी नांदेडात रजईतूनच उत्तर देते, ‘इथंही तेच.’ मग चहाच्या कपाचा फोटो, दोन हसऱ्या इमोजी आणि गप्पा संपतात. ती सहाच्या टायपिंग बॅचला निघते, मी इंटर्नशिपची कॉपी टाइप करायला बसते.

डिसेंबर-जानेवारीत तुमच्याही गप्पा अशाच चालत असतील. आपण हसून सोडून देतो. पण मला वाटतं, हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

मराठवाडा म्हटलं की सगळ्यांना ऊनच आठवतं. पण इथून समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ मोकळं. दिवसाची ऊब रात्री भराभर निघून जाते. दुपारी पंखा लागतो आणि पहाटे पारा दहाच्या आसपास येतो. त्यात डोक्यावर पत्रा असला की खोलीच गार पडते. अशा खोलीत बसून मैत्रीण क्लार्क-टायपिस्टच्या नोकरीची तयारी करते. त्यासाठी मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. वेग हवा, चुका नकोत. तिच्यासाठी बोटं हाच बायोडाटा आहे.

थंडीत शरीर आधी आतल्या अवयवांना ऊब देतं. बोटांकडे जाणारं रक्त कमी होतं, ती आखडतात. 2004 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या अ‍ॅलन हेज यांनी फ्लोरिडातल्या एका विमा ऑफिसात टायपिंग तपासलं. तापमान 20 अंश असताना चुकांचं प्रमाण 25 टक्के होतं, 25 अंशांवर ते 10 टक्क्यांवर आलं. तिथे 20 अंशांना थंडी म्हणतात, आपण दहात टाइप करतोय!

घरी हे सांगितलं की ठरलेलं उत्तर मिळतं, ‘बाप रातच्या लाइटीवर गव्हाला पाणी द्यायला जातो, अन् तुला कीबोर्ड गार लागायलाय?’ हे ऐकून मी गप्प बसायचे. आता बसत नाही. रात्री कुडकुडत पाणी देणं आवडतं म्हणून शेतकरी ते करत नाही. दिवसा वीज द्या, ही त्याची जुनीच मागणी आहे. त्यासाठीच 2017 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. म्हणजे वेळ चुकीची आहे, हे सरकारनेही मान्य केलं. मग आपण वेळ बदलून मागितली तर ते नखरे कसे?

उन्हाळ्यात शाळा सकाळी भरतात, तेव्हा कुणी ‘लाड’ म्हणत नाही. जानेवारीत सूर्यच सातच्या सुमारास उगवतो. मग टायपिंगची पहिली बॅच साडेसातला ठेवली तर काय बिघडतं? कॉलेज असणाऱ्यांना संध्याकाळची बॅच देता येईल. आणि ‘कॉम्प्युटरला गार लागतं’ म्हणून हिवाळ्यातही एसी सुरू ठेवणाऱ्या लॅबना एक सांगायचंय. साधा लॅपटॉप 35 अंशांपर्यंत बिनतक्रार चालतो. नव्या एसींची सुरुवातीची सेटिंगही 2020 पासून 24 अंशांवरच आहे. तेव्हा एसी बंद करा, खिडकीतून ऊन येऊ द्या.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. बोटं हलवणारे मोठे स्नायू मनगटाच्या वर, हातात असतात. म्हणून बाह्या मनगटापर्यंत घ्या. बसण्याआधी पाच मिनिटं हात कोमट पाण्यात ठेवा. तासाभराने उठून उन्हात या.

आपल्या आज्या-आजोबांनी थंडी नुसती सोसली नाही, तिच्याप्रमाणे दिवस लावून घेतला. बाजरी, तीळ हिवाळ्यातच खाल्ले. येळवशीला अख्खं घर शेतात नेलं, भज्जी-आंबिलीवर ताव मारला आणि दिवसभर ऊन घेतलं. ऋतू बघून वागणं हे आपल्याकडे जुनंच आहे. फक्त कॉम्प्युटरच्या खोलीत ते अजून शिरलेलं नाही.

मैत्रिणीने परवा चौघींना सोबत घेऊन सरांना वेळेबद्दल विचारलं. सर म्हणाले, ‘बघू.’ तिचा मेसेज आला, ‘नाही तर म्हणले नाहीत!’ तुमच्या क्लासमध्ये कुणी विचारलंय का?