वर्दी मिळाली म्हणून पुस्तक मिटू नका

माझे मामू पोलीस हवालदार. रात्रपाळी करून आले की पीएसआयच्या खात्यांतर्गत परीक्षेचा अभ्यास करतात. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे लागू झाले आणि पाठ केलेली कलमं बदलली. खुनाचं 302 आता 103, फसवणुकीचं 420 आता 318. मामूंनी पहिल्यापासून सुरुवात केली.

औरंगाबादच्या आमखास मैदानावर भरतीसाठी धावणाऱ्या मित्रांनो, शिपाई झालात तरी थांबू नका. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं: दखलपात्र गुन्हा कुठेही घडो, खबर नोंदवा, फिर्यादीला प्रत मोफत द्या. हे कलम जाणणारा फौजदार ठाण्यात असेल, तर तक्रार घेऊन आलेली बाई, कोणत्याही समाजाची असो, रिकाम्या हाती परतणार नाही. बढती त्यासाठी हवी.